निरोपाची काठी की मातीची पाटी?

ऑस्ट्रेलियातले आदिवासी निरोप्याच्या हाती खाचा पाडलेली लाकडी काठी देत. पण काठी बोलत नसे, बोलायचा तो निरोप्याच. खाचा म्हणजे आठवणीला टेकू, आणि परक्या मुलखात शिरायचा परवाना. पाणवठे, वाटा, नात्यांचे नियम हे सगळं गाण्यांत बांधलेलं. डोक्यात मावतं, पाठीवर ओझं नाही. सतत मुक्काम हलवणाऱ्याला आणखी काय हवं?

उरुक या प्राचीन शहरातली मातीची पाटी मुळातच वेगळी. इ.स.पू. ३३०० च्या सुमारास दक्षिण इराकमध्ये ओल्या मातीवर बोरूने खुणा उमटल्या, त्या बहुतेक जव, बिअर, मेंढ्या यांच्या हिशेबाच्या. (कविता फार उशिरा आली!) कोठारच नसेल तर हिशेब कसला ठेवायचा?

समजा, ही पाटी भटक्या टोळीच्या हाती पडली असती. शिकार लगेच वाटून खाणाऱ्यांत ‘तुझ्याकडे माझं इतकं येणं’ सुरू झालं असतं. दुष्काळातला पाणवठा फक्त म्हाताऱ्यांना ठाऊक, म्हणून त्यांना मान; तोही घटला असता. मला तरी फिरस्त्यांसाठी काठीच सरस वाटते. पाटीची एकच बाजू भारी: निरोप्या वाटेत मेला तरी मजकूर उरतो.