तीर्थन की लिद्दर? ट्राउटसाठी पहिली नदी निवडताना

फ्लाय रॉड, म्हणजे पिसांची नकली माशी (फ्लाय) फेकायची गळाची काठी, घेऊन पहिल्यांदा हिमालयात जायचं म्हटलं की माझ्या मते निवड दोन नद्यांमध्येच होते: हिमाचलातली तीर्थन आणि काश्मीरमधली पहलगामची लिद्दर. दोन्हींत ब्राउन ट्राउट आहे. हा मासा मूळचा इथला नव्हे. स्कॉटलंडहून आणलेली अंडी 1900 साली काश्मीरमध्ये जगली आणि तिथूनच 1909 मध्ये तो कुल्लूकडे आला. हॅचरीतली, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रातली, पिल्लं आजही सोडतात, पण नदीतच जन्मलेला, पिवळसर अंगावर लाल ठिपक्यांचा ट्राउट हाताला लागतो तेव्हा फरक लगेच कळतो.

आधी सुट्टी कधीची आहे ते बघा, अर्धा निर्णय तिथेच होतो. काश्मीरचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर, तर हिमाचलात ट्राउटची बंदी 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. म्हणजे दिवाळी ऑक्टोबरात आली तर तीर्थनच. मे महिन्यातही माझं मत तीर्थनलाच. लिद्दरला कोलाहोई हिमनदीचं पाणी येतं. मे-जूनमध्ये बर्फ वितळलं की ती फुगते, गढुळते आणि माशाला फ्लाय दिसतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र उलट होतं. पावसाने तीर्थन लाल होते, आणि पीर पंजालच्या आडोशाला असलेल्या लिद्दरचं पाणी हळूहळू निवळत जातं. सप्टेंबरात तर ती फार सुंदर असते.

गळ टाकण्याचा अनुभव दोन्हीकडे अगदी वेगळा. गुशैनी-नागिनी या गावांजवळची तीर्थन लहान आहे, मोठमोठ्या धोंड्यांमधून उतरते. काठावरची झाडं पाण्यावर वाकलेली, त्यामुळे मागे दोर फेकायला जागा नाही. रोल कास्ट, म्हणजे दोर मागे न फेकता पुढे गुंडाळत टाकणं, येत नसेल तर आधी घराजवळच्या तलावावर शिकून जा. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून धोंड्याच्या आड थांबतो, म्हणून खालून वर सरकत, वाकून, थोडीच दोरी सोडायची. चार नंबरचा (नंबर दोरीच्या वजनाचा) आखूड रॉड इथे पुरतो. लिद्दर रुंद आहे, काठ मोकळे आहेत, लांब कास्टची मजा तिथेच. तिथे पाच-सहा नंबरचा नऊ फुटी रॉड बरा.

परवान्याची शिस्त काश्मीरमध्ये जास्त. नदीचे ‘बीट’, म्हणजे टप्पे, पाडलेले असतात, एका बीटवर ठरावीकच गळवाले, त्यामुळे आधी आरक्षण हवं. पण एकदा बीट मिळालं की गर्दी नाही. हिमाचलात मत्स्यविभागाचा परवाना त्या मानाने सहज मिळतो. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत जायचं तर उद्यानाची वेगळी परवानगी घ्या. लिद्दरकडे जाण्यापूर्वी कोणते भाग पर्यटकांना खुले आहेत तेही विचारा. एप्रिल 2025 च्या बैसरन हल्ल्यानंतर पहलगाम परिसरातली काही ठिकाणं बंद ठेवली होती.

पहिल्या वेळी मी तीर्थनच सुचवेन. लहान नदी मासा कुठे उभा असेल ते शिकवते. शिवाय माजी आमदार दिलाराम शबाब आणि गावकऱ्यांनी जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध लढून ती वाहती ठेवली, याचं मला फार मोल वाटतं. चंदिगडहून रात्रीची मनालीकडची बस धरून औटला उतरायचं, पुढे बंजारमार्गे गुशैनी. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका आणि मासा ओल्या हातानेच धरून सोडा.