रेनॉक्स डीसीआर-२५०: नजर बारीक करणारी छोटी लेन्स

मॅक्रो लेन्सचं (अगदी जवळून बारीक वस्तू टिपणाऱ्या खास लेन्सचं) बजेट नाही, पण बारकावे टिपायला शिकायचंय, तर आधी हीच घ्या. ८ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद मोजायचं एकक) ही क्लोज-अप लेन्स, म्हणजे जोडभिंग, आपल्याकडच्या टेलिझूमच्या (दूरचं जवळ आणणाऱ्या झूम लेन्सच्या) तोंडावर बसते. सोबतचा क्लिपवाला अडॅप्टर ५२ ते ६७ मिमी फिल्टर थ्रेडला (लेन्सच्या तोंडावरच्या आट्यांना) चालतो.

हिशोब सोपा आहे. मुख्य लेन्सचा फोकस इन्फिनिटीवर (सगळ्यात दूर) असेल, तर तिच्या फोकल लेंग्थला (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याला) १२५ ने भागा. २५० मिमीवर दुप्पट मोठेपणा मिळतो, म्हणजे सेन्सरवर वस्तूची प्रतिमा खऱ्या आकाराच्या दुप्पट पडते. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात चौकटीची रुंदी मग जेमतेम ११ मिमी उरते, म्हणजे मोहरीचे पाच-सहा दाणे. एक्स्टेन्शन ट्यूबसारखा (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळीसारखा) उजेडही खात नाही. झूम वाइडकडे नेला की मात्र कोपरे काळे पडतात.

नजरेला वळण लागतं ते हिच्या अडचणींमुळेच. शार्प पट्टा एक मिलीमीटरहूनही कमी, त्यामुळे ऑटोफोकस बंद करून कॅमेराच केसभर पुढे-मागे करावा लागतो. कढीपत्त्यावरच्या अळीची पाठ शार्प आली आणि डोकं गेलं, तर फोटो फुकट. सेन्सर अळीच्या अंगाला समांतर धरला की तेवढ्याच पट्ट्यात डोक्यापासून शेपटापर्यंत बरंच काही बसतं. हा कोन बघायची सवय लागली की पुढे पोर्ट्रेटमध्येही उपयोगी पडते.

बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून फिरवा. मुंगीची मिशी कापली जातेय का? मागे एखादं पांढरं पान चमकतंय का? वस्तू लेन्सपासून साधारण १२ सेंटीमीटरवर असते, म्हणून कॅमेरा दोन बोटं सरकवला तरी पार्श्वभूमी पार बदलते. मग चकाकी तपासा: भुंग्याच्या पाठीवर फ्लॅशचा पांढरा डाग हमखास पडतो. फ्लॅशपुढे मोठा डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावा, तोही वस्तूच्या जितका जवळ येईल तितका. सुरुवातीला अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११, शटर १/२०० सेकंद आणि आयएसओ २०० ठेवा. शार्प पट्ट्याची खोली वाढावी म्हणून एफ/२२ वर गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच मऊ पडतं. सरावाला जास्वंदीचे पुंकेसर उत्तम: ते पळत नाहीत, आणि परागकणांवर फोकस चुकला की लगेच कळतं.

खटकतो तो प्लास्टिकचा अडॅप्टर. झुडपात शिरताना फांदी लागली की क्लिप सुटते. लेन्सचा स्वतःचा थ्रेड ४३ मिमीचा आहे. ५८ मिमीच्या झूमसाठी ५८-४३ स्टेप-डाउन रिंग (दोन वेगळ्या मापांचे थ्रेड जोडणारं कडं) घेतली की ती घट्ट बसते. कडांना किंचित रंगीत झालर दिसते, ती सॉफ्टवेअरमध्ये निघते.

फुलपाखरं आणि चतुरांसाठी मात्र ही घेऊ नका. एवढ्या जवळ जाईपर्यंत ते उडालेले असतात. त्यांच्यासाठी ४.८ डायॉप्टरची डीसीआर-१५० बरी, तिच्यात अंतर साधारण २० सेंटीमीटर मिळतं.