रोजगार हमी आणि सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न

1972 च्या दुष्काळातून आकाराला आलेली आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने 1977 च्या कायद्यात उतरलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना मागेल त्याला काम देते. सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाचा प्रस्ताव मात्र कोणतीही अट न घालता प्रत्येकाच्या खात्यात ठरावीक रक्कम जमा करू पाहतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यातील जी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, त्यांना गावातच वेळेवर काम मिळाले तर मुलांची शाळा सुटत नाही, शिवाय पाझर तलाव, नालाबांध, विहिरी मागे उरतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. पण काम मागितल्यावर ते निघेल, मोजमाप होईल आणि मजुरी हाती पडेल, यात मजुराचा जीव टांगणीला लागतो. वृद्ध, अपंग आणि ओली बाळंतीण यांना तर हमीचा उपयोग जवळजवळ नाहीच. थेट रक्कम नेमकी त्यांच्यापर्यंत पोहोचते.

प्रश्न रकमेचा आहे. 2016-17 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने माणशी वर्षाला 7,620 रुपयांचा, म्हणजे महिन्याला 635 रुपयांचा हिशेब मांडला होता. (महिलांसाठीच्या लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1,500 रुपये याहून अधिक असले तरी वय आणि उत्पन्नाच्या अटींमुळे ती सार्वत्रिक नाही.) एवढ्या रकमेसाठी रेशन आणि रोजगार हमी गुंडाळण्याला माझा ठाम विरोध आहे, वृद्ध आणि अपंगांपासून विनाअट रक्कम सुरू करावी, हमीचे काम मात्र चालूच ठेवावे.