तोंड उघडायचा प्लास्टिक स्क्रू: कामाचा, पण दात सांभाळा

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, रेडिएशन झालं की अनेकदा जबडा आखडतो. तोंड ३५ मिमीपेक्षा कमी उघडायला लागलं की घासही अडतो, ब्रशही. शंकूसारखा हा स्क्रू त्यावर चालतो, पण आटे धारदार. कोरड्या तोंडात गालाला घासतात, म्हणून आधी पाण्यात बुडवा. पुढच्या दातांत पिळला तर दात हलतात, आणि रेडिएशननंतर दात काढायची वेळ आली तर जबड्याचं हाडच धोक्यात. दाढांमध्ये धरा, ताण बसेपर्यंतच फिरवा, ३० सेकंद थांबा. ५ वेळा, दिवसातून तीनदा. टाके ताजे असताना सर्जनला विचारल्याशिवाय नकोच. खरं तर दातांमध्ये सरकवायची आइस्क्रीमच्या काड्यांची चळत याहून स्वस्त, शिवाय काड्या मोजल्या की फरक लगेच कळतो.