मोटोक्रॉस बूट, ८ महिने वापरून: हलके घ्यावेत की भक्कम?

गेल्या नोव्हेंबरात घेतलेले बूट आता जुलैपर्यंत घासून झालेत, कोरडा ट्रॅक पण झाला आणि मुळशी-भोरकडचा पाऊस पण झाला, म्हणून आत्ता लिहितोय. बुटाचं खरं रूप पहिल्या महिन्यात कळतच नाही. माझी गाडी हीरोची एक्सपल्स २००, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालणारी बाइक, आणि मी रेसर नाही, शनिवार-रविवार पुण्याबाहेरच्या ट्रॅकवर प्रॅक्टिस आणि महिन्यातून एखादी ट्रेल, एवढंच. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, पाय प्रत्येकाचा वेगळा असतो आणि नाव वाचून लोक तेच मागवून टाकतात. प्रकार सांगतो: पूर्ण मोटोक्रॉस बूट (मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत बाइक चालवण्यासाठीचे), घोट्याला हिंज म्हणजे बिजागरी, चार बकल, आत वेगळी बूटी, म्हणजे काढता येणारा मऊ मोजा-बूट, नाही.

आधी माझ्याकडे हलके टूरिंगवाले होते. एक बूट सव्वा किलोचा, चालायला एकदम मस्त, आणि मी सगळ्यांना तेच सांगायचो की एवढं ओझं पायाला बांधून कशाला फिरायचं. हे बूट घेण्याआधीच्या मे महिन्यात एका साध्या टेबलटॉपवर (वरून सपाट असलेला उडीचा मातीचा उंचवटा) गाडीची उडी कमी पडली, कडेवर आपटली, उजवा पाय फूटपेगवरून (पाय ठेवायच्या दांडीवरून) निसटला आणि पंजा जमिनीवर टेकून वर दुमडला गेला. हाड वाचलं, लिगामेंट ताणलं, पाच आठवडे क्रेप बँडेज. घरी येऊन बूट बघितला तर त्याला ओरखडासुद्धा नव्हता. बूट जसाच्या तसा, आतला घोटा मात्र भोपळ्याएवढा सुजलेला.

त्या पाच आठवड्यांत पडून पडून जे वाचलं, जुन्या रायडर्सना जे विचारलं, त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. पायाला मार दोन तऱ्हेने बसतो. एक आपटण्याचा, म्हणजे दगड, पेग, दुसऱ्याचं चाक. दुसरा पिळण्याचा, म्हणजे पाय अडकलाय आणि अंग किंवा गाडी पुढे गेली. नडगीवर आणि घोट्यावर प्लास्टिकची प्लेट लावली की पहिल्याची सोय होते आणि ती फार वजन न वाढवता करता येते, म्हणून हलक्या बुटांतही दिसायला सगळं असतं. दुसऱ्यासाठी हिंज किंवा घोट्याला आधार देणारा आतला ब्रेस लागतो, सोलमध्ये शँक म्हणजे कडक पट्टी लागते, आणि वजन वाढतं ते तिथे. प्रमाणित बुटाच्या आतल्या लेबलवर ईएन १३६३४ (मोटरसायकल बुटांचं युरोपियन मानक) लिहिलेलं असतं, मोटरसायकलवाल्याचं चित्र आणि खाली चार आकडे, प्रत्येक १ किंवा २. ते उंची, घासण्याला टिकणं, कापण्याला टिकणं आणि सोल आडवा चेपला तर किती सहन करतो याचे. आयपीए आणि आयपीएस असेल तर घोट्याला आणि नडगीला आपटण्यापासून संरक्षण तपासलेलं आहे. हे बघाच, पण घोटा पिळला तर काय होईल ते त्या चार आकड्यांत कुठेच नाही.

ते हातानेच बघावं लागतं. दुकानात बूट घ्या, टाच एका हातात, पुढचा भाग दुसऱ्या हातात आणि ओला टॉवेल पिळतो तसा पिळा. मग वरची नळी धरून डावी-उजवीकडे वाकवा. चांगला बूट पुढे-मागे वाकतो, एका ठिकाणी येऊन थांबतो आणि बाजूला अजिबात जात नाही. माझे जुने टूरिंगवाले या परीक्षेत सरळ नापास झाले, ही परीक्षा मला आधी कोणी सांगितली असती तर पाच आठवडे वाचले असते.

आता वजनाचं. बॅगा मोजायच्या हँगिंग काट्यावर टांगून बघितलं, नवा बूट १ किलो ९५० ग्रॅम. म्हणजे एका पायाला ७०० ग्रॅम जास्त, आणि पहिल्या दिवशी ते जाणवतं, खोटं कशाला बोलू. मग जुलैत एका काळ्या मातीच्या शेतातून येऊन धुवायच्या आधी परत टांगला तर २ किलो ६०० भरला. मी ज्या फरकासाठी घोटा पणाला लावला होता जवळजवळ तेवढी तर नुसती माती चिकटली होती!

शिवाय आठ महिन्यांत असं लक्षात आलं की जड वाटतो तो बूट टाचेत ढिला असलेला. मी आधी ऑनलाइन ४४ नंबर मागवला होता, पंजा रुंद आहे म्हणून, तर पाय उचलला की टाच आत वर सरकायची, आणि गिअर टाकताना प्रत्येक वेळी बूट ओढत नेल्यासारखं व्हायचं. परत करायला तीन आठवडे फोनाफोनी. मग दुकानात जाऊन, संध्याकाळी, पाय फुगलेले असताना, रायडिंगचे लांब मोजे घालून ४३ बघितला. बोटांना जरा जागा, टाच घट्ट. त्याच मॉडेलचा तोच बूट, पण हा पायाबरोबर उचलला जातो. पेगवर उभं असताना तर वजन पेगवरच असतं, ते कळतही नाही.

त्रास खरा झाला तो गिअरचा. पहिले तीन आठवडे लिव्हर पायाखाली आहे की नाही तेच कळेना, दोनदा न्यूट्रलमध्ये उडी मारली. पुढचा भाग जाड असल्यामुळे लिव्हरखाली बूट जातच नव्हता, मेकॅनिककडून लिव्हर स्प्लाइनवर (ती बसते त्या दातेरी दांड्यावर) एक दात वर घेतली, मागच्या ब्रेकचं पेडलही थोडं उचललं, आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटला. बाकी अर्धा घरी. टीव्हीसमोर बूट घालून बसायचो, जिना चढ-उतर करायचो, शेजारच्या काकू विचारायच्या काय रे मिलिटरीत जातोयस का. साधारण पाचव्या-सहाव्या राइडनंतर हिंज मोकळं झालं.

एक गोष्ट अजूनही नडते, सोल. मोटोक्रॉसचा सोल जवळजवळ सपाट असतो, पाय पेगवर सहज हलावा आणि वळणात जमिनीला अडकू नये म्हणून, आणि ट्रॅकवर तो बरोबरच आहे. पण ओल्या घाटउतारावर गाडी अडकली आणि खाली उतरून ढकलायची वेळ आली की शेवाळावर साबण लावल्यासारखे पाय सरकतात. ट्रेल जास्त करत असाल तर खाचांचा एंड्युरो सोल असलेलं मॉडेल बघा, अल्पाइनस्टार्सच्या टेक ७ चं तसं वेगळं एंड्युरो व्हर्जन मिळतं, बाकी कंपन्याही देतात. आणि ट्रायल्स (दगडधोंड्यांवरून हळू, तोल सांभाळत चालवण्याचा प्रकार) करणाऱ्यांनी माझं ऐकू नका, त्यांना सारखं उतरून चालणं असतं, त्यांचे बूट मऊ आणि हलके असतात ते बरोबर आहे.

पावसात वाळवणं हे वेगळंच काम. इनसोल बाहेर, आत वर्तमानपत्राचे बोळे, तासाने बदलायचे, मग पंख्याखाली रात्रभर. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, सोल सुटतो. एकदा आळस केला तर तिसऱ्या दिवशी आत हिरवी बुरशी.

मार्चमध्ये चाकोरीत पुढचं चाक अडकलं, गाडी डावीकडे आडवी झाली आणि डावा पाय पेग आणि जमिनीच्या मध्ये सापडला. दोघांनी गाडी उचलेपर्यंत मी हललो नाही, मेमधलं सगळं आठवत होतं. पाय बाहेर काढला, बोटं हलवली, उभा राहिलो, दुखत नव्हतं. बुटाच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या बरोबर वर, प्लेटवर पेगच्या दातांचे चार खड्डे आहेत, नख आत जाईल एवढे. बूट साफ करताना अंगठा आपोआप तिथे जातो.