टॉवेल कारखान्यात ग्राफाना: सात महिने वापरल्यावर

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, बारा माग. प्रत्येक मागाला सेन्सर बसवून माग चालू की बंद, याची नोंद दर मिनिटाला मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जमा होत होती. पण ते आकडे उघडून बघायला कुणाला सवड नव्हती. म्हणून ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (लिनक्स) टाकून ग्राफाना बसवलं, म्हणजे साठलेल्या आकड्यांचे आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर.

बसवायला अर्धा तास पुरला. ३००० नंबरचा पोर्ट ब्राउझरमध्ये उघडायचा, पहिल्यांदा नाव आणि पासवर्ड दोन्ही 'अ‍ॅडमिन', आत गेल्या गेल्या पासवर्ड बदलायचा.

खरा घाम वेळेनं काढला. आलेख भरगच्च दिसायचा, त्यामुळं काही चुकलंय अशी शंकाच येईना. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की दुपारी एकच्या जेवणाच्या सुट्टीतला खड्डा आलेखात संध्याकाळी साडेसहाला पडतोय. बरोबर साडेपाच तासांचा फरक! आमची स्क्रिप्ट भारतीय वेळ लिहीत होती आणि ग्राफाना तीच वेळ यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागं असलेली जागतिक प्रमाणवेळ, समजत होतं. स्क्रिप्ट यूटीसीत लिहायला लावली, जुन्या नोंदींतून साडेपाच तास वजा केले, तेव्हा खड्डा जागेवर आला. मायएसक्यूएल जोडणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी तपासा.

माग-खात्यातल्या टीव्हीवर लॉगिनशिवाय डॅशबोर्ड (आलेखांचं पान) दिसावा म्हणून ग्राफाना डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये अनॉनिमस प्रवेश 'ट्रू' केला, तरी लॉगिन मागतच राहिलं. ओळीच्या सुरुवातीचा अर्धविराम काढायचा राहिला होता. तो असेपर्यंत ती ओळ नुसती टीप म्हणून धरली जाते. परवानगी मात्र 'व्ह्यूअर', म्हणजे फक्त बघण्याची, एवढीच द्या.

सुरुवातीला जॉबरमामा, म्हणजे मागांची देखभाल बघणारे मामा, नाराज होते. "आमच्यावर नजर ठेवायला लावलंय व्हय?" म्हणाले. त्यांना शेजारी बसवून सात नंबरच्या मागाचा आठवडाभराचा आलेख दाखवला. रात्रपाळीत तो माग सारखा पाच-पाच मिनिटं थांबत होता, दिवसा नाही. मामा काही न बोलता उठले आणि त्या रात्री स्वतः मागापाशी थांबले. बाणा (आडवा धागा) तुटत होता, कारण रात्री वापरायच्या सुताच्या कोनांचा लॉटच वेगळा होता. विणकराची चूक नव्हती, आणि ते सगळ्यांसमोर दिसलं याचं मला फार समाधान वाटलं. आता मामाच पाळी सुरू होताना टीव्हीसमोर उभे राहतात.

एप्रिलमध्ये लाइट गेली, परत आली, डेस्कटॉप चालू झाला, पण डॅशबोर्ड बंदच. ग्राफानाची सर्व्हिस नुसती 'स्टार्ट' केली होती, 'एनेबल' नव्हती. ती आज्ञा दिल्यापासून आपोआप उठतं.

सूचनांचा भाग मात्र अजून नीट जमलेला नाही. नेट गेलं की सेन्सरची माहिती थांबते आणि 'नो डेटा'चे इशारे मोबाइलवर धडाधड येतात. ती सेटिंग प्रत्येक नियमात जाऊन बदलतोय.

सगळे डॅशबोर्ड ग्राफाना डॉट डीबी या एकाच फाइलीत असतात. दर रविवारी सर्व्हिस थांबवून तिची प्रत पेनड्राइव्हवर घेतो आणि पेनड्राइव्ह घरी नेतो.