ट्यूबलेस टायरची पंक्चर-पेटी: एक स्क्रू, एक खिळा आणि एक चीर

दोन वर्षांपूर्वी मी ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढण्याची एक पेटी घेतली, तिच्यासोबत १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंपही होता. त्यानंतर ती तीनदा उघडावी लागली. दोनदा तिने चोख काम केले आणि तिसऱ्यांदा ती वापरणेच चुकीचे ठरले असते. हा फरक पेटीसोबतच्या माहितीपत्रकात ठळकपणे सांगितलेला नाही, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे.

पेटीत आडव्या मुठीची एक गोल कानस, तशाच मुठीचा आणि टोकाला नेढे असलेला एक दाभण, सोल्यूशनची नळी, पक्कड, लहान ब्लेड आणि जाड वातीसारख्या दिसणाऱ्या चिकट तपकिरी स्ट्रिप येतात. यातले सर्वांत महत्त्वाचे काय, असे विचारले तर मी मूठ असे उत्तर देईन. माझ्या आधीच्या पेटीतील अवजारांना स्क्रू-ड्रायव्हरसारखी सरळ प्लास्टिकची मूठ होती आणि पहिल्याच वापरात कानशीची सळई मुठीतल्या मुठीत फिरू लागली. टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, त्यांतून कानस आरपार न्यायची तर दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार द्यावा लागतो, आणि सरळ मुठीवर तो देताच येत नाही. या पेटीतल्या मुठी धातूच्या असून सळईला पक्क्या जोडलेल्या आहेत. केवळ एवढ्यासाठीही मी ही पेटी पुन्हा घेईन.

पहिला प्रसंग मागच्या डाव्या चाकाचा. रात्री ३३ पीएसआय असलेली हवा सकाळी १९ वर आली होती आणि नक्षीच्या खोबणीलगत एका स्क्रूचे झिजलेले डोके चमकत होते. ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला खिळा स्वतःच भोक बरेचसे बुजवून धरतो, म्हणून हवा एकदम न जाता रात्रभर हळूहळू उतरते, आणि म्हणूनच पेटी हाताशी येईपर्यंत तो उपसू नये. चाक काढण्याचीही गरज पडली नाही. गाडी हातभर पुढे घेतल्यावर स्क्रू सोयीच्या जागी आला. पुढचे चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवले की नक्षी बाहेरच्या बाजूस येते.

स्क्रू पकडीने उपसताना तो कोणत्या कलाने आत गेला आहे हे नीट पाहून ठेवावे, कारण कानस त्याच कलाने घालायची असते. सरळ घातली तर ती मूळ भोक सोडून नवीन वाट पाडते. तारांमधून जाताना तिची करकर तळहाताला स्पष्ट जाणवते. पाच-सहा वेळा वर-खाली केल्यावर ती करकर कमी होते, कानस मोकळी फिरू लागते आणि भोक तयार झाल्याचे कळते. मग स्ट्रिप दाभणाच्या नेढ्यात मध्यापर्यंत ओवून, तिला सोल्यूशन चोळून, दोन्ही टोके साधारण दीड सेंटिमीटर बाहेर राहतील इतकी आत दाबायची आणि दाभण एका झटक्यात सरळ बाहेर ओढायचा. नेढ्याला फट असल्यामुळे स्ट्रिप आतच राहते. बाहेर आलेली टोके कापून साबणाचे पाणी टाकले, तेव्हा एकही बुडबुडा आला नाही. या सगळ्याला पहिल्यांदा ३५ मिनिटे लागली. दुसऱ्यांदा, पुढच्या चाकात खिळा रुतला तेव्हा, निम्म्याहून कमी.

मात्र ही दुरुस्ती तात्पुरती आहे आणि तिला तसेच मानावे. कानस भोक मोठे करते, तारांना इजा करते आणि बाहेरून घातलेली स्ट्रिप टायरच्या आतील हवाबंद थराला पूर्ण सांधत नाही, त्यामुळे ओलावा तारांपर्यंत पोहोचून गंज धरू शकतो. टायर रिमवरून उतरवून, आतून तपासून, छत्रीच्या आकाराचा पॅच लावणे ही योग्य पद्धत होय, कारण त्याचा दांडा भोक भरतो आणि छत्री आतील थर बंद करते. मी दोन्ही वेळा दोन-तीन दिवसांत तसे करून घेतले. टायर उतरवल्यावर कारागिराने आत हात फिरवून मला स्वच्छ तळहात दाखवला. हवा उतरलेल्या टायरवर गाडी दामटली असती तर बाजूची भिंत आतून घासली जाऊन तिथे काळी रबराची भुकटी मिळाली असती, आणि मग बाहेरून कितीही धडधाकट दिसला तरी तो टायर बादच करावा लागला असता.

तिसऱ्यांदा एका धारदार दगडाने टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर पाडली. हा भाग चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि उसळतो, आणि नक्षीखाली असतात तसे पोलादी पट्टे तिथे नसतात. म्हणून तिथे घातलेली स्ट्रिप धरून राहील याचा काहीही भरवसा नाही. नक्षीच्या कडेचा खांदाही याच कारणाने वर्ज्य आहे, आणि नक्षीतले भोकसुद्धा ६ मिलिमीटरहून मोठे असेल तर दुरुस्तीचा विचार सोडावा. हे तीन निर्बंध माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहेत. माझा या पेटीबद्दलचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे, कारण रस्त्याच्या कडेला घाईत असलेला माणूस शेवटचे पान वाचत नाही. मी स्टेपनी लावून निघालो. पेटी आहे म्हणून स्टेपनीतली हवा तपासायचे सोडू नये, हे त्या दिवशी पटले.

पंपाविषयी मत संमिश्र आहे. १९ वरून ३३ पीएसआयवर यायला त्याला पाच मिनिटे लागली, आणि इंजिन चालू ठेवल्यामुळे बॅटरीवर ताण आला नाही. पण तो सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये अशी सूचना आहे, आणि तेवढ्या वेळात नळीच्या टोकाचे पितळी आटे इतके तापतात की ते कापडाने धरूनच सोडवावे लागतात. सोडवताना एक-दोन पीएसआय हवा निसटते, तेवढी आधीच जास्त भरावी. पंप चालू असताना काटा जास्त दाब दाखवतो. बंद करून मगच वाचावा. किती हवा भरायची तो आकडा चालकाच्या दारालगतच्या खांबावरील स्टिकरवर असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. टायरची कडा रिमवरून निखळली असेल, तर एवढ्याशा पंपाने ती परत बसत नाही.

सोल्यूशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते. दुसऱ्या पंक्चरच्या वेळी माझी सुकली होती आणि नुसत्या चिकट स्ट्रिपवर काम भागवावे लागले. डिकीतल्या उष्णतेने स्ट्रिपही कडक होतात, म्हणून त्या हवाबंद पिशवीत ठेवाव्यात. हातमोजे आणि विजेरी पेटीत नाहीत. त्या मी स्वतः ठेवल्या आहेत.

ही पेटी सर्वांसाठी आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या आईने एका बाद टायरवर सराव करून पाहिला, तेव्हा कानस तिच्याने अर्ध्याच्या पुढे गेली नाही. ज्यांच्या मनगटात तेवढा जोर नाही त्यांना व्हॉल्व्हमधून भरायचे द्रवरूप सीलंट अधिक सोयीचे, जरी ते आत पसरून नंतरच्या दुरुस्तीत साफ करत बसावे लागते आणि त्याची मुदत संपते. बाकीच्यांनी पेटी घेतली की आधी बाद टायरवर दोन भोके बुजवून पाहावीत, म्हणजे अंधारात, पावसात, गाडीशेजारी गुडघे टेकून बसावे लागले तर कानशीची करकर हाताला ओळखीची असेल.